फेअर म्हणजे नेमकं काय? गोरा, बरा, रास्त की वाजवी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न घेतले आहेत.)

आजचा विषय एका शब्दाचा आहे. चार अक्षरांचं साधं इंग्रजी विशेषण, 'फेअर'. तुम्ही म्हणाल, यात काय व्याख्यान द्यायचं, डिक्शनरी उघडा आणि बघा. पण हा शब्द आपल्या बुलढाणा जिल्ह्यात माणसाच्या खिशाला हात घालतो. सोयाबीनचं पोतं खरेदी केंद्रावर उतरलं की तिथला ग्रेडर जो शिक्का मारतो किंवा मारत नाही, त्या शिक्क्यातला पहिला शब्द 'फेअर' आहे. एफएक्यू. फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी. 'माल एफएक्यूत बसत नाही' हे वाक्य चिखली, मेहकर, लोणार या भागात ऐकलं नाही असा शेतकरी सापडणं अवघड. पण त्यातल्या 'फेअर'चा अर्थ काय, हे कोणी विचारत नाही. तिथं येऊच, पण थोडं वळसा घालून.

पहिली गोष्ट, ध्वनी सारखा म्हणून शब्द एक नसतो. 'फेअर' म्हणजे जत्रा, यात्रा. आपल्याकडे होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरते, देऊळगावराजाला बालाजीची भरते, इंग्रजी पेपरात त्याला 'फेअर' म्हणतील. तो शब्द लॅटिनमधून आला, तिथं त्याचा अर्थ सणाचा, सुट्टीचा दिवस. एसटीच्या तिकिटाचं भाडं, तेही 'फेअर'. त्याचं स्पेलिंग वेगळं आणि मूळही वेगळं, ते प्रवास करणं या अर्थाच्या जुन्या क्रियापदातून आलंय. या दोघांना बाजूला ठेवा. आपल्याला हवा तो विशेषण असलेला फेअर.

हा अस्सल इंग्रजी शब्द आहे. जुन्या इंग्रजीत तो 'फॅगर' असा लिहीत आणि त्याचा अर्थ होता सुंदर, डोळ्यांना बरं वाटणारं. सुंदर म्हणजे डाग नसलेलं. डाग नसलेलं म्हणजे स्वच्छ. आकाश स्वच्छ असेल तर हवामान फेअर. वहीत खाडाखोड नसेल तर ती फेअर. वागण्यात डाग नसेल तर माणूस फेअर, व्यवहार फेअर. आणि साधारण सोळाव्या शतकाच्या सुमारास तिकडच्या लोकांनी सौंदर्याला उजळ रंगाशी जोडलं, तेव्हा गोऱ्या कातडीलाही तोच शब्द चिकटला. म्हणजे क्रम बघा. आधी 'सुंदर', मग बाकीचं. 'गोरा' हा अर्थ उशिरा आलेला आहे. आपल्याकडे मात्र अनेकांना पहिला अर्थ तोच आठवतो, कारण तो आपल्याला जाहिरातींनी शिकवला. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमचं नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं. नावातून शब्द गेला. लग्नाच्या जाहिरातीत तो अजून बसलेला आहे. 'फेअर मुलगी पाहिजे' असं लिहिणाऱ्याला न्यायी मुलगी नको असते, एवढं तुम्हालाही कळतं.

आता एक युक्ती सांगतो, विद्यार्थ्यांनी लिहून घ्या. एका शब्दाला पाच-सहा अर्थ असतील आणि वाक्यात नेमका कोणता हे कळत नसेल, तर त्याचा उलट शब्द विचारायचा. फेअर हवामानाच्या उलट 'फाउल'. फेअर रंगाच्या उलट 'डार्क'. फेअर वहीच्या उलट 'रफ'. फेअर भावाच्या उलट 'अनफेअर'. आणि शेऱ्यातल्या 'फेअर'च्या उलट? तिथं सरळ उलट शब्दच नाही. तिथं तो शिडीची एक पायरी आहे. पुअर, फेअर, गुड, व्हेरी गुड, एक्सलंट. खालून दुसरी. 'अनफेअर' हा शब्द फक्त न्यायाच्या अर्थाला चालतो. सावळ्या माणसाला कोणी 'अनफेअर' म्हटलं तर ते इंग्रजीच नव्हे.

ही शिडी फार फसवी आहे. मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'फेअर' लिहून आलं की घरी पेढे आणणारे पालक असतात. त्यांचा दोष नाही, कारण वर्गात 'फेअर वही' म्हणजे चांगली वही. शाळेने आधी शिकवलेला अर्थ एक, शेऱ्यात वापरलेला दुसरा. दवाखान्यातही तेच. केस पेपरवर डॉक्टर 'जीसी फेअर' असं लिहितात. जनरल कंडिशन फेअर, म्हणजे पेशंटची एकूण अवस्था बरी आहे. ठणठणीत आहे असं त्यात नाही आणि गंभीर आहे असंही नाही.

या अर्थाला मराठीत एकदम चपखल शब्द आहे, 'बरा'. आपल्या वऱ्हाडात कोणी विचारलं 'कसं काय?' तर उत्तर येतं, 'बरं हाये'. त्यात कौतुक नाही, तक्रार नाही. पीक कसं आहे? बरं आहे. म्हणजे घरात येईपर्यंत बोलू नका. आणि 'बरं नाही' म्हटलं की मात्र सरळ आजारी. इंग्रजीतला शेऱ्याचा फेअर हा असा 'बरा' आहे. भाषांतर करताना तिथं 'चांगला' लिहिलं की घोटाळा होतो.

त्याचं क्रियाविशेषण 'फेअरली'. हे तर शेतकऱ्याच्या रोजच्या कामाचं. हवामान खात्याच्या इंग्रजी अंदाजात 'फेअरली वाइडस्प्रेड रेन' असतं. त्याला ठरलेलं माप आहे. एखाद्या विभागातल्या पावसाच्या केंद्रांपैकी ५१ ते ७५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर फेअरली वाइडस्प्रेड. ७६ टक्क्यांच्या वर गेलं तर नुसतं वाइडस्प्रेड. २६ ते ५० टक्के असेल तर स्कॅटर्ड, त्याच्या खाली आयसोलेटेड. म्हणजे 'फेअरली' लावल्याने शब्द वाढला नाही, कमी झाला. आपण मराठीत 'खूप', 'भरपूर' लावतो तसं ते नाही. बातमीत त्याचं 'बऱ्याच ठिकाणी' किंवा 'अनेक ठिकाणी' होतं. ते ऐकून सोयाबीन सोंगायचं थांबवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण चारातल्या एका ठिकाणी पाऊस न येण्याची शक्यता त्या शब्दातच धरलेली आहे, हे ठाऊक असावं.

आता सरकारी मराठीकडे. इथं एकाच इंग्रजी शब्दाला आपल्या कागदांनी वेगवेगळे मराठी शब्द दिलेत. रेशनचं दुकान म्हणजे इंग्रजीत 'फेअर प्राइस शॉप', मराठी पाटीवर 'रास्त भाव दुकान'. उसाची एफआरपी म्हणजे 'रास्त आणि किफायतशीर दर'. जमीन संपादनाच्या २०१३ च्या कायद्यात 'फेअर कॉम्पेन्सेशन' आहे, त्याचं मराठी कुठं 'वाजवी भरपाई', कुठं 'उचित भरपाई'. आणि एफएक्यूतल्या फेअरचं मराठी? ते कोणी करायला जातच नाही. खरेदी केंद्रावर 'एफएक्यू' हाच मराठी शब्द झालाय.

'रास्त' फारसीतून आला. मूळ अर्थ सरळ, खरा. गंमत म्हणजे हा 'रास्त' आणि इंग्रजीतला 'राइट' हे फार जुन्या काळातले भाऊबंद आहेत, एकाच मुळाचे. 'वाजवी' आला अरबी 'वाजिब'वरून, म्हणजे जे करणं बंधनकारक आहे ते. छटा वेगळ्या आहेत. रास्त म्हणजे वाकडं नसलेलं. वाजवी म्हणजे देणं लागतो तेवढं. मला विचाराल तर भरपाईला 'वाजवी' हाच शब्द शोभतो, कारण तिथं कोणीतरी कोणाचं तरी देणं लागतं. रेशनच्या बाबतीत तर आता मजाच झाली आहे. अन्नसुरक्षा कायद्यातल्या कार्डधारकांना १ जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट मिळतं. दुकानावर पाटी 'रास्त भाव', आणि भाव शून्य.

कायद्यात 'फेअर' शब्द एकटा आला तर त्याचा काही उपयोग नसतो. प्रत्येकाला आपला आकडा फेअर वाटतो. म्हणून तो शब्द कशाने तरी भरावा लागतो. २०१३ च्या कायद्याने तो सूत्राने भरला. आधी बाजारमूल्य काढा, ग्रामीण भागात त्याला एक ते दोनच्या दरम्यानचा गुणक लावा, जमिनीवरच्या मालमत्तेची किंमत मिळवा, आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम. आपल्या जिल्ह्यात पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प आहे, मेहकर आणि सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग गेलाय, त्यामुळे गुणक, दिलासा रक्कम हे शब्द इथं चहाच्या टपरीवर बोलले जातात. भांडणं राहिलीच, बाजारमूल्य कशावरून धरायचं इथंच खरं भांडण असतं. पण निदान कशावर भांडायचं ते कागदावर आहे. उसाचंही तसंच. २००८-०९ पर्यंत 'वैधानिक किमान किंमत' होती, मग नाव बदलून रास्त आणि किफायतशीर दर झालं, आणि दर ठरवताना शेतकऱ्याच्या जोखमीचा आणि नफ्याचा वाजवी वाटा धरायचा असं आलं. २०२४-२५ ला तो दर क्विंटलला ३४० रुपये होता, १०.२५ टक्के उतारा धरून.

आता आपल्या पोत्याकडे येऊ.

मालाच्या प्रतीला 'फेअर' म्हणायची पद्धत बाजाराची आहे, आणि ती वऱ्हाडात नवी नाही. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा झाला, त्या वेळी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आले होते. कशासाठी? कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचं लक्ष आपल्या काळ्या मातीकडे वळलं. तिथल्या दरपत्रकात वऱ्हाडचा कापूस अमरावतीच्या नावाने 'उमरा' म्हणून ओळखला जायचा, आणि भाव निघायचा 'फेअर उमरा'चा. त्या प्रतींत 'फेअर'च्या वर 'गुड फेअर', त्याच्या वर 'गुड', मग 'फाइन'. म्हणजे फेअर हा बरा माल. पण अमेरिकी कापसाची शिडी बघा. १९०९ मध्ये तिकडे सरकारी नऊ प्रती ठरल्या, त्यात सगळ्यात वरची 'मिडलिंग फेअर'! त्याच धंद्यात, त्याच शब्दाला, एका देशाच्या मालाला वरची पायरी आणि दुसऱ्याला खालची. शब्दाला स्वतःची उंची नसते, शिडीत कुठं ठेवला त्यावर ती ठरते.

धान्याच्या व्यापारात 'फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी' हा शब्दप्रयोग रूढ झाला तो जहाजाने गहू विकण्याच्या काळात. माल हजारो मैल दूर, विकत घेणाऱ्याने पाहिलेला नाही. मग करार कशावर करायचा? तर 'त्या हंगामातला, त्या बंदरातून निघणारा सरासरी बरा माल' यावर. ऑस्ट्रेलियात दर हंगामाला वेगवेगळ्या भागातून गव्हाचे नमुने गोळा करायचे, एकत्र मिसळायचे, आणि तयार होईल तो त्या वर्षीचा एफएक्यू नमुना. इथं जरा थांबा, कारण हाच मुद्दा आहे. पाऊसपाणी चांगलं असलं तर नमुना वर जायचा. कापणीत पाऊस लागला तर नमुनाच खाली यायचा. 'फेअर अ‍ॅव्हरेज'चा मूळ अर्थ 'यंदा जसं पिकलं त्यातलं सरासरी बरं' असा होता. निसर्गाचा फटका मोजपट्टीतच धरलेला होता.

आपल्याकडे हमीभावाच्या खरेदीत एफएक्यू म्हणजे तसं राहिलेलं नाही. तो आता ठरवून दिलेला तक्ता आहे. सोयाबीनला ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के. माती-कचरा किती, डागी दाणे किती, तुटलेले, हिरवे, अपरिपक्व किती, प्रत्येकाला मर्यादा. कापसाला सीसीआयकडे ओलाव्याचा पाया ८ टक्के, १२ पर्यंत कपात करून घेतात, त्याच्या वर घेत नाहीत. शब्द 'अ‍ॅव्हरेज' तसाच आहे, पण सरासरी काढायचं काम कोणी करत नाही. ऑक्टोबरात परतीच्या पावसाने सगळ्या तालुक्यातल्या सुड्या भिजल्या, सगळ्यांचा माल १४-१५ वर आला, तर जुन्या अर्थाने तोच त्या वर्षीचा फेअर अ‍ॅव्हरेज. नव्या अर्थाने मात्र तालुक्यातला सगळाच माल सरासरीच्या खाली! गणिताच्या मास्तराला विचारा, असं होऊ शकतं का.

मी इथं सरकारला शिव्या द्यायला उभा नाही. १२ टक्क्यांना कारण आहे. जास्त ओलं सोयाबीन थप्पीत तापतं, बुरशी धरतं. गोदामात महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर कोरडंच हवं. आणि पाण्याचे पैसे सोयाबीनच्या भावाने का द्यायचे, हाही प्रश्न रास्तच आहे. पण मग ओलाव्याची कपात किती वाजवी, याचा हिशेब करता येतो, आणि तो करायला फार शिकावं लागत नाही.

१०० किलो माल आहे, ओलावा १५ टक्के. म्हणजे १५ किलो पाणी, ८५ किलो कोरडा दाणा. हाच माल वाळवून १२ टक्क्यांवर आणला तर वजन किती भरेल? ८५ किलो कोरडा दाणा म्हणजे नव्या वजनाचे ८८ टक्के. ८५ ला ०.८८ ने भागा, ९६.५९ किलो. म्हणजे घट साधारण ३ किलो ४०० ग्रॅम. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्या भावाने ही घट झाली क्विंटलमागे सुमारे १६७ रुपये. नुसती १५ वजा १२ करून ३ किलो कापणारा शेतकऱ्याला किंचित झुकतं मापच देतोय. पण 'ओला आहे' म्हणून क्विंटलला पाचशे-सातशे कापले, तर १६७ च्या वरचे कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. वाळवणीचा खर्च सांगेल, जोखीम सांगेल. सांगू द्या. आकडा आला की मग तो फेअर आहे का, यावर बोलता येतं. आकड्याशिवाय 'फेअर' म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

२०२४ च्या हंगामात हेच झालं. खुल्या बाजारात सोयाबीन हमीभावाच्या खाली, आणि माल ओला म्हणून केंद्रावर परत. शेवटी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. निवडणुकीचे दिवस होते, ते सोडून देऊ. त्या निर्णयातली बारीक अट मला महत्त्वाची वाटते. नाफेडसारख्या केंद्रीय संस्था १२ टक्के ओलाव्याला जेवढं वजन भरेल तेवढ्याचेच पैसे देणार, शेतकऱ्याला मात्र पूर्ण हमीभाव द्यायचा, मधला फरक राज्याने सोसायचा. म्हणजे आत्ता आपण केला तोच हिशेब, फक्त घट कोणाच्या खात्यावर टाकायची ते बदललं. आणि तेवढ्यापुरता 'फेअर अ‍ॅव्हरेज' जुन्या अर्थाकडे, यंदाच्या पिकाकडे, थोडा सरकला. पण तोपर्यंत ज्यांनी दिवाळीआधी माल विकून टाकला होता, त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता.

(यानंतर प्रश्न झाले. त्यातले तीन.)

प्रश्न: 'इट इज नॉट फेअर' आणि 'इट इज अनफेअर' यात फरक आहे का?

बोलण्यात नाही. पण 'नॉट फेअर' शेऱ्याबद्दलही असू शकतं, रंगाबद्दलही. 'अनफेअर' म्हटलं की फक्त अन्याय. अर्जात, तक्रारीत लिहायचं असेल तर 'अनफेअर' लिहा, त्याला दुसरा अर्थ काढता येत नाही.

प्रश्न: 'फेअर इनफ' म्हणजे पूर्ण पटलं असं समजायचं का?

अजिबात नाही. 'ठीक आहे, तुमचं म्हणणं मान्य' एवढंच. बऱ्याचदा त्याच्या पुढे 'पण' येतो. आपल्याकडे 'बरं बरं, चालू द्या' म्हणतात ना, त्याच्या जवळ जाणारं आहे. फोनवर कोणी 'फेअर इनफ' म्हटलं म्हणून सौदा झाला असं धरू नका.

प्रश्न: सर, केंद्रावर ओलावा मोजायचं मशीन वेगवेगळा आकडा दाखवतं. तिथं काय करायचं?

शब्दाच्या व्याख्यानात मशीन आलं, बरं झालं. एकाच पोत्यात वरचा आणि तळाचा दाणा वेगळा असतो, म्हणून एकाच मुठीवर आकडा मानू नका. चार-पाच पोत्यांतून, वरून, मधून, खालून नमुना काढायला लावा, मिसळायला लावा आणि मग दोन-तीनदा मोजून सरासरी लिहायला सांगा. सकाळी दव असताना उघड्या ट्रॉलीतला वरचा दाणा मोजला तर आकडा चढणारच. घरून निघण्याआधी जमलं तर दुसऱ्या ठिकाणी मोजून घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. आणि माल परत केला तर कारण आकड्यासह लेखी मागा. नुसतं 'एफएक्यूत बसत नाही' एवढं ऐकून ट्रॉली वळवू नका. कशात बसत नाही, ओलाव्यात, कचऱ्यात की डागी दाण्यात, आणि किती टक्क्याने, तेवढं कागदावर घ्या. कचरा असेल तर चाळणी मारून त्याच दिवशी परत उभं राहता येतं. ओलावा असेल तर दोन उन्हं लागतील.